‘कोरडी’ वाइन आणि तोंडाला सुटलेलं पाणी

ड्राय व्हाइट वाइनचा पहिला घोट फार थोड्यांना आवडतो. मला तर मुळीच आवडला नव्हता. गारेगार, आंबट, गोडाचा मागमूस नाही. हिचं एवढं कौतुक कशाला करतात, असं मनात म्हणत मी ग्लास बाजूला सारला. थोड्या वेळाने तळलेल्या माशाची बशी समोर आली, वरून मीठ भुरभुरलेलं. एक तुकडा खाल्ला, घास उतरवायला म्हणून तोच ग्लास तोंडाला लावला, आणि मघाशी फणकारलेली वाइन एकदम समजूतदार झाली. आंबटपणा मवाळला, कुठून तरी फळाचा वास आला, तोंडातलं तेल धुऊन निघालं आणि हात आपोआप पुढच्या तुकड्याकडे गेला.

बाटली तीच, ग्लास तोच, मध्ये आला तो फक्त खारट-तेलकट घास. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की ही वाइन नुसती पिऊन तिच्याबद्दल निकाल देऊ नये. म्हणून खाली जे सांगते आहे त्यात बाटलीइतकंच बशीलाही महत्त्व आहे.

एक गोष्ट आधीच बोलून टाकते. वाइन ही दारूच आहे. पिण्याचं कायदेशीर वय झालेलं नसेल, गरोदरपण असेल, चालू औषधांशी दारूचं जमत नसेल किंवा नंतर गाडी चालवायची असेल, तर हे सगळं फक्त वाचण्यापुरतं.

आधी ‘ड्राय’ या शब्दाचा गुंता

ड्राय म्हणजे साखर उरलेली नाही. त्यापलीकडे त्या शब्दात काही नाही. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. ढोबळ हिशेब असा, की लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर संपली की अल्कोहोल एक टक्क्याने चढतं. यीस्टने साखर जवळजवळ संपवली तर वाइन ड्राय, आणि मध्येच त्याला थांबवलं तर गोडसर. युरोपीय संघाच्या नियमांत लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन ड्राय धरतात. वाइन पुरेशी आंबट असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते, कारण एवढी साखर आंबटात लपून जाते आणि जिभेला पत्ता लागत नाही.

इथे नवखा माणूस दोनदा फसतो. पहिल्यांदा नाकामुळे. वाइनला पिकलेल्या पीचचा किंवा अननसाचा वास आला की मेंदू ‘गोड’ अशी नोंद करून मोकळा होतो, आणि घोट घेतल्यावर गोड लागत नाही म्हणून हिरमोड होतो. वास फळाचा आहे, साखर नाहीच. शंका आली तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. मग जिभेला जेवढं गोड लागेल तेवढीच साखर खरी.

दुसरी फसगत ‘कोरडं’ या शब्दामुळे होते. रेड वाइन प्यायल्यावर हिरड्या आणि जीभ खरखरीत होतात, कच्चं केळं चावल्यासारखं वाटतं. ते टॅनिनमुळे. टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. व्हाइट वाइनमध्ये रस लवकर पिळून सालीपासून वेगळा करतात, म्हणून तिच्यात टॅनिन अगदी थोडं. इंग्रजीत बोलणारे या खरखरीलाही सर्रास ड्राय म्हणतात आणि गोंधळ वाढवतात. आपल्याकडे त्यासाठी ‘तुरट’ हा खणखणीत शब्द आहे, तो वापरावा आणि मोकळं व्हावं.

साखर नाही, तुरटपणा नाही, मग राहतं काय? आंबटपणा. ड्राय व्हाइट वाइन त्याच्यावरच उभी असते. आणि आंबट जिभेला लागलं की तोंडाला पाणी सुटतं. म्हणजे जिला कोरडी म्हणतात तीच तोंड ओलं करते! घोट गिळल्यावर मान थोडी खाली घालून मनात दहा आकडे मोजा. जिभेखाली पाणी जितकं साठेल तितकी वाइन आंबट. चव ओळखण्याची ही सगळ्यात सोपी मोजपट्टी, आणि पुढे जेवणाशी जोडी जमवताना हीच कामाला येते.

पहिल्या तीन बाटल्या

शेकडो लेबलं समोर आली की डोकं गरगरतं. सुरुवातीला द्राक्षाच्या जातीवरून चालावं. मी तीन जाती सुचवेन, कारण तिघींचे स्वभाव तीन टोकांचे आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो.

पहिली सोव्हिन्यॉन ब्लाँ. ही लपूनछपून काही करत नाही. ग्लास नाकाशी नेला की ताजं कापलेलं गवत, ढोबळी मिरची, ग्रेपफ्रूट, पॅशन फ्रूट. हिरव्या वासामागे मेथॉक्सीपायराझिन नावाची संयुगं असतात, आणि ढोबळ्या मिरचीचा वासही त्याच कुळातल्या संयुगाचा, तेव्हा ही उपमा नुसती कविकल्पना नाही. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं सॉन्सेर हे तिचं जुनं घर, तिथे ती जरा संयमाने बोलते. न्यूझीलंडच्या मार्लबरोमध्ये मोठ्या प्रमाणावर द्राक्षं लावायला सुरुवात झाली ती १९७३ साली. आज तिथली सोव्हिन्यॉन जगभर ओळखली जाते आणि तिचा आवाज चढा असतो. पहिल्या ओळखीला मार्लबरोची घ्या, ती चुकूनही गप्प बसत नाही.

दुसरी शार्डोने. हिला स्वतःचा वास फारसा नाही, ती जिच्या हाताखाली वाढते तिच्यासारखी होते. फ्रान्समधल्या बर्गंडीच्या उत्तर टोकाला शाब्ली आहे. तिथली साधी शार्डोने बहुतेक वेळा स्टीलच्या टाकीत बनते आणि हिरव्या सफरचंदासारखी कडक लागते. तीच शार्डोने ओक नावाच्या झाडाच्या लाकडी पिंपात ठेवली की व्हॅनिला आणि भाजक्या पावाचा वास येतो. त्यात आणखी एक गोष्ट घडू शकते. काही जिवाणू वाइनमधल्या मॅलिक आम्लाचं, म्हणजे सफरचंदातल्या आम्लाचं, लॅक्टिक आम्ल करतात. हे दह्यातलं आम्ल, जिभेला सौम्य. या उद्योगात डायअसिटाइल तयार होतं आणि वाइनला चक्क लोण्याचा वास येतो. ‘मला शार्डोने आवडत नाही’ असं म्हणणारे बहुतेक जण ओक आणि लोण्याला नावं ठेवत असतात, द्राक्षाला नाही. त्यांना शाब्ली द्यावी आणि नाव मागाहून सांगावं.

तिसरी रीसलिंग, माझी लाडकी, म्हणून तिच्याबद्दल थोडी पक्षपाती आहे. आंबटपणा तलवारीसारखा, ओकशी सहसा संबंध नाही, वास लिंबू, सफरचंद, फुलांचा. जर्मनीतलं मोझेल, फ्रान्सचं अल्सास, ऑस्ट्रेलियातलं क्लेअर व्हॅली ही तिची नावाजलेली ठिकाणं. जुन्या रीसलिंगला रॉकेलसारखा वास येतो. दचकू नका, बाटली खराब नाही. तो या द्राक्षाचाच गुण आहे आणि काही लोक त्याच्यासाठीच ती जपून ठेवतात. अडचण एकच: रीसलिंग ठणठणीत ड्रायपासून मधासारख्या गोडापर्यंत कशीही असू शकते, म्हणून लेबल वाचल्याशिवाय उचलायची नाही.

या तिघींशी ओळख झाली की मग स्पेनच्या रिआस बायशासमधली आल्बारिन्यो, ल्वार नदीच्या मुखाजवळची म्युस्काडे, ऑस्ट्रियातली पांढऱ्या मिऱ्यांचा वास असलेली ग्रूनर व्हेल्टलीनर अशी भटकंती करावी. ग्रीसच्या सान्तोरिनी बेटावरची असिर्टिको तर वेली बघूनच प्यावीशी वाटते. तिथे वारा इतका, की वेली जमिनीलगत टोपलीसारख्या गोल वळवतात आणि द्राक्षं त्या टोपलीच्या आत पिकतात.

लेबलावर ड्राय हा शब्द भाषेगणिक बदलतो. फ्रेंचमध्ये सेक, इटालियनमध्ये सेक्को, स्पॅनिशमध्ये सेको, जर्मनमध्ये ट्रोकन. काहीच लिहिलेलं नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. रीसलिंगवर ८ किंवा ९ टक्के असेल तर बरीच साखर यीस्टने खाल्लेली नाही, म्हणजे ती बाटलीतच आहे. १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर ड्राय असण्याची शक्यता खूपच जास्त. ही युक्ती मला कुणी आधी सांगितली असती तर पुष्कळ चुकीच्या बाटल्या वाचल्या असत्या.

फसफसणाऱ्या वाइनमध्ये मात्र शब्दांनी कहर केला आहे. तिथे ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. यात तर्क शोधू नका, पाठ करा.

दोन किरकोळ गोष्टी. लेबलावरचं द्राक्षांच्या हंगामाचं वर्ष बघा: साध्या ड्राय व्हाइट वाइन बहुतेक तरुणपणीच प्यायच्या असतात, दोन-तीन वर्षांत. आणि फिरकीचं झाकण दिसलं म्हणून नाक मुरडू नका. क्लेअर व्हॅलीतल्या काही रीसलिंग उत्पादकांनी २००० सालचा माल ठरवून फिरकीच्या झाकणात भरला, कारण बुचामुळे चांगली वाइन नासलेली बघून ते कंटाळले होते.

गार किती

घरातला फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो. ड्राय व्हाइट वाइनला हे जास्तच गार. हलकी, ओक नसलेली वाइन ८ ते १० अंशांना छान लागते, ओकवाली शार्डोने ११ ते १३ ला. थर्मामीटर घेऊन बसायची गरज नाही. हलकी वाइन ओतण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा, भारदस्त शार्डोने वीस-पंचवीस मिनिटं. फार गार असली तर वास झोपतो आणि नुसता आंबटपणा टोचतो. माझा पहिला ग्लास बहुधा यानेच बिघडला होता. उलट कोमट झाली तर अल्कोहोल नाकात जातं आणि वाइन मिळमिळीत लागते.

घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, वर मूठभर मीठ, आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली ठेवली तर खड्यांमधल्या हवेमुळे गारवा नीट पोचत नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचीच असेल तर फोनवर गजर लावा. मी एकदा विसरले. गोठताना वाइन फुगते, तिने बूच वर ढकललं आणि पुढचा तासभर मी मटारच्या पाकिटांवरून वाइनचा बर्फ खरवडत होते.

ओतण्यापासून गिळण्यापर्यंत

बूच असेल तर काढल्यावर ओलसर कागदी खोक्याचा, दमट तळघराचा वास येतो का बघा. येत असेल तर बुचातल्या टीसीए नावाच्या संयुगाने वाइन बिघडवली आहे. प्यायल्याने अपाय होत नाही, पण फळाचा वास मेलेला असतो. बाटली परत करण्यात गैर काही नाही. तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले तर घाबरू नका. ते टार्टरिक आम्लाचे क्षार आहेत, गारव्याने खाली बसलेले, निरुपद्रवी.

ग्लास वर किंचित निमुळता असावा, म्हणजे वास आत राहतो. एक तृतीयांशच भरा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १२५ मिलिलिटरचे सहा ग्लास होतात, हा हिशेब पाहुणे बोलावतानाही उपयोगी पडतो आणि स्वतःवर लक्ष ठेवतानाही. दांडीला धरा, नाहीतर हाताच्या उबेने वाइन तापते. न हलवता एकदा वास घ्या, मग ग्लास गोल फिरवून पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी वास जास्त येतो, कारण हलवल्याने वासाची संयुगं हवेत सुटतात.

काय वास येतो ते आपल्या शब्दांत सांगा. पावसात भिजलेला दगड वाटला तर तसं म्हणा, शाळेतला खोडरबर वाटला तर तसं. पुस्तकातले शब्द पुढे ढकलायची घाई करू नका, कारण तज्ज्ञांचीही भंबेरी उडते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात बोर्दोतल्या ५४ वाइन-विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन वासहीन लाल रंग घालून दिली. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन करताना रेड वाइनचे शब्द वापरले. डोळा नाकाला असा फसवतो. म्हणून शक्य असेल तर पहिल्या तीन बाटल्या फडक्यात गुंडाळून चाखा, मजाही येते.

घोट मोठा घ्या, तोंडभर फिरवा, गिळा, आणि मघाची तोंडाला पाणी सुटण्याची मोजणी करा. जास्त वाइन चाखायच्या असतील तर थुंकायला भांडं ठेवा. व्यावसायिक चाखणारे तेच करतात, त्यात अपमान कुणाचाच नाही.

लिंबू, मीठ, साखर

आता जो प्रयोग सांगते तो केला तर पुढचा अर्धा लेख वाचला नाही तरी चालेल. एका बशीत मांडा: लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर किंवा मध, लोणी लावलेला पावाचा तुकडा, मिरचीचा एक लहानसा काप. सोबत ओक नसलेल्या ड्राय वाइनचा एक ग्लास आणि साधं पाणी.

आधी नुसता घोट घ्या आणि आंबटपणा लक्षात ठेवा. मग जिभेवर मिठाचे चार दाणे ठेवा आणि पुन्हा घोट घ्या. वाइन मऊ होते, फळ पुढे येतं. पाणी प्या. आता लिंबू चाटा, चेहरा व्हायचा तो होऊ द्या, आणि लगेच घोट घ्या. वाइन जवळजवळ गोड लागेल! जिभेने आत्ताच जबर आंबट सोसलेलं असतं, त्यापुढे वाइनचा आंबटपणा तिला किरकोळ वाटतो.

पुन्हा पाणी, आणि आता साखर. साखर विरघळली की घोट घ्या. इथे बहुतेकांचं तोंड वाकडं होतं. तीच वाइन व्हिनेगरसारखी, पातळ, कडवट. गोडाला सरावलेल्या जिभेला आंबट दुप्पट बोचतं. गोड केकसोबत ड्राय वाइन देऊ नये याचं हेच कारण, आणि ते एकदा असं कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

लोण्याच्या तुकड्यावर घोट घेतलात तर जिभेवरचा तेलकट थर निघून गेल्यासारखा वाटेल. मिरची शेवटी ठेवा. मिरचीचा दाह कॅप्सायसिनचा. अल्कोहोल स्वतःही तोंडात ऊब आणतं, त्यामुळे दोघं एकत्र आले की आग भडकते. काहींना ती आग हवीशी वाटते, माझ्या नवऱ्याला वाटते, तेव्हा हा नियम नव्हे, इशारा आहे.

जेवणाशी जोडी

प्रयोगातून निघालेली गोष्ट अशी: मीठ, आंबट आणि स्निग्ध हे ड्राय व्हाइट वाइनचे सोबती, गोड आणि जाळणारं तिखट हे तिचे वैरी. बाकी सगळी याच्यावरची नक्षी.

पहिलं काम, पदार्थाचा आंबटपणा बघा. वाइन पदार्थाइतकी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. लिंबू पिळलेला मासा, टोमॅटोचं काही, व्हिनेगर घातलेलं सॅलड असेल तर सोव्हिन्यॉन किंवा रीसलिंग घ्या. इथे ओकवाली मऊ शार्डोने उघडली तर बिचारी दिसेनाशी होते. सॅलडमध्ये व्हिनेगरऐवजी लिंबू वापरलं तर जोडी आणखी सोपी जाते.

दुसरं, वजन बघा. वाफवलेला मासा आणि क्रीममध्ये शिजवलेला मासा हे वाइनच्या दृष्टीने दोन वेगळे प्राणी. पहिल्याला म्युस्काडे, आल्बारिन्यो, शाब्ली. दुसऱ्याला ओक लागलेली शार्डोने, कारण तिचं लोणी क्रीमच्या लोण्याशी हातमिळवणी करतं. म्हणून ‘चिकनबरोबर कुठली वाइन?’ हा प्रश्न अर्धवट आहे. चिकनला स्वतःचं म्हणणं फार नसतं, बोलतो तो त्यावरचा सॉस. लिंबू-लसणाचं भाजलेलं चिकन असेल तर सोव्हिन्यॉन, मश्रूम आणि क्रीमचं असेल तर शार्डोने.

तळलेलं आणि खारट, इथे मात्र डोळे मिटून चाला. तळलेले बटाटे, तळलेली कोळंबी, खारवलेले काजू-बदाम, ऑलिव्ह. कुठलीही कडक ड्राय व्हाइट चालते आणि ब्रूट फसफसणारी असेल तर बुडबुड्यांनी आणखी बहार. मोठमोठ्या थाटाच्या जोड्यांपेक्षा मला बटाट्याच्या खारट चकत्या आणि शाब्ली ही जोडी जास्त सुखाची वाटते.

हिरव्या पानांच्या पदार्थांशी सोव्हिन्यॉनचं खास जमतं: कोथिंबीर, पुदिना, तुळशीच्या जातीचं बेसिल, ढोबळी मिरची, मटार. हिरव्याला हिरवं भेटतं. शतावरीच्या कोंबांशी बहुतेक वाइन भांडतात, पण तिथेही सोव्हिन्यॉन किंवा ग्रूनर निभावून नेते.

चीज म्हटलं की लोक रेड वाइन काढतात. मला ही सवय कधीच पटली नाही. चीजमधलं मीठ आणि स्निग्धपणा आंबट व्हाइटशी जास्त चांगला बसतो, आणि तुरट रेड मऊ चीजसोबत अनेकदा कडसर होते. बकरीच्या दुधाचं चीज आणि सॉन्सेर ही जोडी एकदा तरी करून बघाच. सॉन्सेरच्या हद्दीतल्याच शाविन्योल गावाच्या नावाने बकरीचं छोटं गोल चीज प्रसिद्ध आहे, म्हणजे चीज आणि वाइन एकाच टेकड्यांवर वाढली आहेत. चीजचा आंबटपणा वाइनच्या आंबटपणाला जाऊन भिडतो आणि दोघांतून फळ वर येतं.

माशाबरोबर व्हाइट, हा जुना नियम निव्वळ शिष्टाचार नाही. रेड वाइनमधलं लोह माशाच्या, विशेषतः कालवांसारख्या सागरी खाद्याच्या, स्निग्धांशाशी मिळून तोंडात मासळीचा उग्र वास मागे ठेवतं. व्हाइटमध्ये लोह सहसा कमी, शिवाय आंबटपणा लिंबाचं काम करतो. कालवं आणि शाब्लीबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात, की शाब्लीच्या मातीत कालवांचे जीवाश्म आहेत म्हणून जोडी जमते. जीवाश्म खरे आहेत, तिथल्या किमरिजियन चुनखडीत इवल्या शिंपल्यांचा खच आहे. पण वेलीच्या मुळांतून शिंपल्याची चव द्राक्षात चढत नाही. जोडी जमते ती मीठ आणि आंबट यांच्यामुळे. गोष्ट मात्र इतकी छान आहे की मीसुद्धा पाहुण्यांना आधी गोष्टच सांगते.

तिखट जेवण असेल तर कमी अल्कोहोलची, ओक नसलेली आणि नेहमीपेक्षा जरा जास्त गार वाइन घ्या. आणि तिखट खरंच जाळणारं असेल, तर प्रामाणिक सल्ला असा की ड्रायचा हट्ट सोडा. किंचित गोड रीसलिंग अशा वेळी ड्रायपेक्षा कितीतरी चांगली वागते.

जमत नसेल तेव्हा

आर्टिचोक या भाजीत सिनारिन नावाचं संयुग असतं, ते खाल्ल्यावर साधं पाणीही गोड लागतं, मग वाइनची काय कथा. सोया सॉस, सुकवलेले मश्रूम, पिकलेलं चीज यांची मांसल चव वाइनला कडक आणि कडवट करू शकते. पण अशा वेळी बाटली बदलण्याआधी बशीकडे बघा. पदार्थावर दोन थेंब लिंबू आणि चिमूटभर मीठ टाका, पुन्हा घास, पुन्हा घोट. दहापैकी आठ वेळा भांडण मिटतं, निदान माझ्या स्वयंपाकघरात तरी. वाइन तयार झाल्यावर तिच्यात काही बदलता येत नाही, ताटातल्या पदार्थात येतं.

जळकट भाजलेलं किंवा कडू पानांचं काही असेल तर ओकवाली वाइन टाळा, कडूवर कडू चढतं.

उरलेली बाटली

बूच उलटं खुपसू नका, बाहेरची बाजू मळलेली असते. झाकण घट्ट लावून बाटली उभी फ्रिजमध्ये ठेवा, आडवी ठेवली तर वाइनचा जास्त भाग हवेला लागतो. अर्ध्याहून कमी उरली असेल तर लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवणं आणखी चांगलं. ड्राय व्हाइट अशी तीन ते पाच दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी काही वाइन, विशेषतः कडक रीसलिंग, आदल्या रात्रीपेक्षा मोकळी लागते. माझ्या घरी पहिल्या रात्री मुद्दाम दोन ग्लास शिल्लक ठेवतात.

वास उतरला, सफरचंद कापून ठेवल्यासारखी तपकिरी चव आली, की ती प्यायची नाही, स्वयंपाकात वापरायची. कांदा-लसूण लोण्यावर परतलेल्या पॅनमध्ये अर्धा ग्लास ओता, निम्मी आटू द्या, त्यात मासा किंवा मश्रूम सोडा. शिजवल्याने अल्कोहोल पूर्ण उडून जातं हा समज मात्र खरा नाही, तेव्हा दारू वर्ज्य असलेल्या पाहुण्याला वाढण्याआधी सांगा. आणि झाकणावर चिकटपट्टी लावून बाटली उघडल्याची तारीख लिहा, कारण फ्रिजच्या दारात उभी असलेली अर्धी बाटली परवाची की गेल्या आठवड्याची, हे कुणालाच आठवत नाही.